गिअर बॉक्सला चार नंबर, क्राउनला पाच. ट्रकमध्ये ऑइल टाकण्याआधी डब्यावरचा आकडा वाचा

गळीत हंगाम जवळ आला की ऊस वाहतुकीच्या गाड्या गॅरेजच्या दारात रांगेला लागतात. इंजिन ऑइल बदललं जातं, ग्रीसिंग होतं, टायर बघितले जातात. गिअर बॉक्सकडे मात्र सहसा कुणी वळत नाही. "गिअर पडतायत ना, मग कशाला हात लावायचा?" असं म्हणून तो विषय पुढच्या वर्षावर जातो. मग भर हंगामात भरलेली गाडी फडातून निघताना अडकते. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही, टोळी बसून राहते आणि तोडलेला ऊस वाळून वजन घटतं ते वेगळंच.

यातलं बरंच नुकसान टाळता येतं. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात. ऑइल योग्य नंबरचं हवं आणि ते नीट लेव्हलला भरलेलं हवं.

पाच नंबर म्हणजे भारी, हा गैरसमज

गिअर ऑइलच्या डब्यावर इंग्रजीत जीएल-४ किंवा जीएल-५ असं लिहिलेलं असतं. दुकानात अनेकदा सांगितलं जातं, "चारपेक्षा पाच भारी, हेच न्या. क्राउनलाही चालेल आणि गिअर बॉक्सलाही." इथेच घोटाळा होतो. हे आकडे हलकं-भारी दाखवत नाहीत, ऑइलचं काम कुठलं ते दाखवतात.

क्राउनमध्ये दाते एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरत फिरतात. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची दाब झेलणारी रसायनं जास्त असतात. गिअर बॉक्सचं काम वेगळं आहे. गिअर बदलताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे भाग एकमेकांत बसायचे असतात. त्याआधी त्यांचा वेग सारखा करायचं काम सिंक्रोनायझर रिंग करते. बऱ्याच गाड्यांत ही रिंग पितळेची असते. ती घासून, पकड घेऊन काम करते. जीएल-५ मधली रसायनं गरम झाल्यावर पितळ खाऊ शकतात. शिवाय ऑइल जास्त बुळबुळीत असेल तर रिंगेला पकडच मिळत नाही. मग गिअर टाकताना करकर सुरू होते.

म्हणून ज्या गिअर बॉक्समध्ये पितळी रिंगा आहेत, त्याला साधारणपणे जीएल-४ सांगितलेलं असतं आणि क्राउनला जीएल-५. पण शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये वेगळा गिअर बॉक्स असू शकतो. काही गिअर बॉक्सना तर इंजिन ऑइलच सांगितलेलं असतं. पुस्तक हरवलं असेल तर गिअर बॉक्सवरची पट्टी पुसून मॉडेल वाचावं आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावं.

८०, ९०, १४० म्हणजे काय?

दुसरा आकडा दाटपणाचा. ८०डब्ल्यू-९० मधला डब्ल्यूचा आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो आणि ९० हा गरम झाल्यावरचा दाटपणा सांगतो. गिअर ऑइलचं ९० बघून ते इंजिन ऑइलच्या ४० पेक्षा दुप्पट दाट आहे असं समजू नये. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गरम झाल्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४० किंवा ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं.

गिअर बॉक्स आवाज करतो म्हणून त्यात १४० नंबरचं दाट ऑइल ओतायची सवय काही ठिकाणी आहे. त्याने आवाज थोडे दिवस दबतो, झिजलेली बेअरिंग दुरुस्त होत नाही. उलट थंडीच्या पहाटे गिअर जड पडतात.

आधी क्लच तपासा

करकर प्रत्येक वेळी ऑइलमुळेच होते असं नाही. गाडी उभी, इंजिन चालू. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही करकर झाली तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता जास्त. तिथे ऑइल बदलून पैसे वाया जातील.

ऑइल बदलताना

१. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. कोमट ऑइल लवकर वाहतं आणि गाळ सोबत घेऊन येतं. फार गरम असेल तर हात भाजतो, थोडं थांबा.

२. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

३. आधी वरचा लेव्हल नट उघडा, मग खालचा ड्रेन नट. ऑइल सांडून टाकलं आणि वरचा नट गंजून निघालाच नाही, तर नवं ऑइल भरणार कुठून?

४. ड्रेन नटला चुंबक असेल तर नीट बघा. काळी, बारीक लोखंडी पेस्ट असणं ही रोजची झीज आहे. पण तुकडे, कपच्या किंवा दाताचा टवका दिसला तर गिअर बॉक्स खोलून दाखवा. पिवळी चमक जास्त दिसली तर पितळी भाग झिजतोय असं समजा.

५. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ओढा ओलांडताना किंवा प्रेशरने धुताना ब्रीदरवाटे नाहीतर सीलवाटे पाणी शिरतं. ब्रीदर साफ करून घ्या.

६. पंधरा-वीस मिनिटं ऑइल निथळू द्या. डिझेल टाकून आतून धुऊ नका. ते आत राहिलं की नवं ऑइल पातळ होतं.

७. नटाचा वॉशर नवा घाला. नवं ऑइल पुस्तकात सांगितलेल्या लेव्हलपर्यंत भरा. बहुतेक गाड्यांत ऑइल लेव्हल नटाच्या भोकाच्या खालच्या काठाला टेकलं की पुरे. थोडी गाडी फिरवून, उभी करून लेव्हल पुन्हा बघा.

कमी ऑइल राहिलं तर वरच्या बेअरिंगपर्यंत ते उडत नाही. जास्त झालं तर फेस येतो, गिअर बॉक्स तापतो, सीलमधून गळती लागते. पुढच्या सीलमधून ऑइल क्लच प्लेटवर आलं तर क्लच घसरायला लागतो. म्हणजे दोन लिटर जास्त ओतण्याचा खर्च क्लच प्लेटपर्यंत जातो.

टोचन करताना एक काळजी

बंद पडलेली गाडी टोचन करून लांब न्यायची असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडावा. बऱ्याच गिअर बॉक्समध्ये ऑइल वर उडवणारे गिअर इंजिनकडून फिरतात. इंजिन बंद असलं की ते थांबतात, पण मागची चाकं मेन शाफ्टला फिरवतच राहतात. तो कोरडा फिरून जळतो. न्यूट्रलला ठेवलं म्हणजे झालं, असं नाही.

जुनं ऑइल कुठे?

ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. ते पाण्यात आणि मातीत राहतं. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या. वापरलेलं ऑइल केंद्राच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं आणि ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं.

किती किलोमीटरला ऑइल बदलायचं ते मॉडेल आणि ऑइलप्रमाणे ठरतं. पुस्तकात जड कामासाठी वेगळा, कमी अंतराचा आकडा दिलेला असेल तर तोच धरावा. चिखलातून, खालच्या गिअरमध्ये, भरून निघणारी उसाची गाडी जड कामातच मोडते. ऑइल बदललं की तारीख, किलोमीटर आणि डब्यावरचे दोन्ही आकडे केबिनच्या दाराच्या आतून लिहून ठेवा. ड्रायव्हर बदलला तरी पुढच्या वेळी दुकानात काय मागायचं ते कळेल.