हूम
हूम : माळढोक (आर्डिओटिस नायग्रिसेप्स) या पक्ष्याचे ध्वन्यनुकारी नाव. विणीच्या हंगामात नर गळ्याखालील पिशवी फुगवून खोल, घुमणारा आवाज काढतो; तो सुमारे अर्ध्या किमी.पर्यंत ऐकू येतो. हिंदीतील ‘हुकना’ हे नावही त्यावरूनच पडले. इंग्रजीत याच आवाजास ‘बूम’ म्हणतात. तोही ध्वन्यनुकारी शब्द. प्रथम मधमाश्यांचे गुणगुणणे, पुढे तोफेचा गडगडाट आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बाजारातील एकाएकी आलेली तेजी, असा त्याचा अर्थ पसरत गेला. ‘हूम’ला असा अर्थविस्तार लाभला नाही. या पक्ष्यासाठी सोलापूर व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यांत, कर्जत-श्रीगोंद्याच्या माळरानांसह, १९७९ मध्ये अभयारण्य स्थापन झाले. तथापि माळराने लागवडीखाली जात राहिली आणि २०११ मध्ये ही जाती जागतिक सूचीत अतिसंकटग्रस्त ठरली. नगरच्या माळावर हा आवाज आता क्वचितच कानी पडतो.