मिक्सरची सर्व्हिसिंग वेळेवर, आणि कमरेची?



दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. अंगणात कोकमाच्या साली वाळत घातल्या होत्या. आमसुलं ज्यांनी केलीत त्यांना माहीत आहे, हे एका दिवसाचं काम नव्हे. फळ फोडायचं, साल वेगळी करायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची. परत रस, परत ऊन. असं चार-पाच वेळा केलं की आमसूल जमतं. आणि हे सगळं पावसाच्या आत उरकायचं. रत्नागिरीत जून कोणासाठी थांबत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी रसाचं पातेलं उचलायला वाकले आणि कमरेत उसण भरली. पातेलं तिथेच, मी तिथेच. धड उभं राहता येईना, धड बसता येईना. लेकीनं हाका मारून शेजारच्या काकूंना बोलावलं, तेव्हा कुठे पलंगापर्यंत पोचले.

पुढचे आठ दिवस मी आडवी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळीव आला. घरातल्यांनी धावपळ करून साली आत घेतल्या, पण ओल्या त्या ओल्याच. निम्म्या मालाला बुरशी धरली. दोन ऑर्डरी गेल्या. हिशोब केला तर अकरा हजाराच्या आसपास नुकसान.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, हाडाला काही नाही, पाठीचे आणि पोटाचे स्नायू कमजोर आहेत. व्यायाम काय करता? मला हसूच आलं. म्हटलं, डॉक्टर, पहाटे पाचला उठते, रात्री अकराला पाठ टेकते. आणखी कसला व्यायाम?

ते म्हणाले, तुम्ही दमता खूप. व्यायाम करत नाही.

ते वाक्य डोक्यात राहिलं. आजचा लेख त्यावरच आहे.

शिकवते काय आणि करते काय

तुम्हाला मी प्रत्येक बॅचमध्ये सांगते की मिक्सर बंद पडायच्या आधी सर्व्हिसिंग करा. सीलिंग मशीनची पट्टी जास्तीची आणून ठेवा. एका माणसावर, एका गिऱ्हाइकावर, एका यंत्रावर सगळा धंदा उभा करू नका.

आणि माझा स्वतःचा उद्योग? कोकम मी आणायची, पातेली मी उचलायची, पार्सल मी नेऊन द्यायचं. शिवाय घर, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधं. या सगळ्यामागे एकच यंत्र होतं, मी. त्याची सर्व्हिसिंग शून्य.

घरकाम म्हणजे व्यायामच की!

हे आपण सगळ्याच म्हणतो, आणि ते निम्मं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरातलं कामही शारीरिक हालचालीत धरलं आहे. झाडलोट, पाणी भरणं, जिने चढणं, सगळं मोजायचं. पूर्वी निदान दहा मिनिटं सलग हवीत अशी अट होती, तीही काढून टाकली.

मग उरलेलं निम्मं काय? त्याच सूचनांमध्ये मोठ्या माणसांसाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. एक, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका दम लागेल अशी. दोन, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम.

आता आपलं घरकाम आठवा. ओट्यासमोर उभं राहून दोन तास. खाली वाकून फरशी. मान खाली घालून भाजी निवडणं. तेच तेच स्नायू, त्याच बाजूला, रोज. पाय दुखतात, कंबर दुखते, पण दम लागत नाही आणि ताकदही वाढत नाही. कारण ताकद वाढायला वजन हळूहळू वाढवावं लागतं आणि मध्ये विश्रांती लागते. घरकामात दोन्ही नाही. तिशी-चाळिशीनंतर स्नायू आपोआप कमी होत जातात, पाळी गेल्यावर हाडंही झिजतात. म्हणजे जमा काही नाही आणि खर्च चालूच.

इथे लता करे यांची गोष्ट सांगायला हवी. साठी ओलांडलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या या बाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी साडीत अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा सिनेमा निघाला, त्यात काम त्यांनीच केलं, आणि 67व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची खास दखलही घेतली गेली. आपण हा प्रसंग 'जिद्द असेल तर काहीही शक्य' असं लिहून पुढे पाठवतो. पण त्या धावल्या का? नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून. त्यांना नमस्कारच आहे. पण आपण मात्र शरीराकडे बघायला अशी वेळ येईपर्यंत थांबायचं नाही.

वेळ सापडत नसतो

'वेळच मिळत नाही' हे तुम्ही सांगता तेव्हा मी खोटं मानत नाही. सरकारचाच आकडा बघा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ त्यात जातो. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटं. 2019 साली हेच आकडे 299 आणि 97 होते. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांचीही नऊ! मिक्सर, गॅस, वॉशिंग मशीन आलं, वाटणी मात्र तिथेच.

म्हणून 'थोडा वेळ काढा' हा सल्ला मला पटत नाही. काढणार कुठून? तुमच्या तीस मिनिटांसाठी एखादं काम दुसऱ्याच्या हातात जावं लागतं. इथे जिद्दीपेक्षा काम सोपवण्याचा प्रश्न मोठा आहे. आणि काम सोपवणं तर आपण धंद्यात शिकलोय ना? पॅकिंगला बाई ठेवता येते, मग संध्याकाळच्या भांड्यांवर आपलाच हक्क कशाला?

मी उठून बसू लागल्यावर एक वही केली. सात दिवस, अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद. कोणतं काम, आणि ते मीच करायला हवं का? वही वाचताना लाज वाटली. सकाळी साडेसहा ते साडेसात या तासात मी मुलाची वॉटरबॅग भरत होते, लेकीचे मोजे शोधत होते, ह्यांना तिसरा चहा देत होते. मुलगा बारा वर्षांचा, लेक नऊची. ह्यांचं वय तर सांगतच नाही!

घरातली मीटिंग

रविवारी जेवणं झाल्यावर वही सगळ्यांसमोर ठेवली. रडले नाही, भांडले नाही. अकरा हजाराचा आकडा सांगितला आणि म्हटलं, परत असं झालं तर यंदाच्या गणपतीचा खर्च कोकमातून निघणार नाही.

सासूबाई म्हणाल्या, "अगो, आधीच एवढी दमतेस, आणि वर चालायला जाणार?"

हे म्हणाले, "मी आहे ना. पण मला डबा भरता येत नाही."

"मला तरी लग्नाआधी कुठे येत होता?" मी म्हटलं.

ठरलं ते असं. मुलांनी आपापलं दप्तर आणि बाटली रात्रीच भरायची. सकाळचा चहा आणि डबे ह्यांच्याकडे. भाजी मी रात्री चिरून ठेवायची. भाजी बसून निवडायचं काम सासूबाईंनी आपणहून मागून घेतलं.

पहिला आठवडा? डब्यात पोळीशी जॅम. ओट्यावर चहाचे डाग. एक दिवस लेक बाटलीशिवाय शाळेत. मला दहा वेळा वाटलं, जाऊ दे, मीच करते. हाच खरा कसोटीचा क्षण. नवीन कामगाराचं पहिलं पॅकिंग वाकडं येतं म्हणून आपण त्याला काढून टाकत नाही. दाखवतो, आणि बाजूला होतो. इथेही तसंच. मी डोळे मिटून बाहेर पडायला शिकले. तिसऱ्या आठवड्यात ह्यांचा उपमा माझ्यापेक्षा बरा झाला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मी काय करते

पहिला महिना फक्त दहा मिनिटं चालणं. त्यानंतर हळूहळू असं बसवलं:

- सोमवार ते शुक्रवार 30 मिनिटं भरभर चालणं. आपली रत्नागिरी चढ-उताराची, वेगळी ट्रेडमिल नको. सुट्टीच्या दिवशी कधी भाट्याच्या वाळूत, कधी रत्नदुर्गाचा चढ.
- मंगळवार आणि शनिवार 20 मिनिटं ताकद. हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस 10 वेळा. ओट्याला हात टेकून जोर 8 ते 10. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणं 10. पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन डोक्यावर उचलणं 10. असे दोन-तीन फेरे. सोपं वाटायला लागलं की दोन लिटरची बाटली.
- जुलैच्या धो-धो पावसात पडवीत सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी बायकांसाठीही ते सांगितले होते, एका सतरंजीएवढ्या जागेत.

कपड्यांचं म्हणाल, तर मुंबईच्या क्रांती साळवी यांनी 2018 साली बर्लिनची 42 किलोमीटरची मॅरेथॉन नऊवारी साडीत 3 तास 57 मिनिटांत पूर्ण केली आणि गिनीज बुकात नाव नोंदवलं. आपल्याला अर्धा तास चालायचंय. सलवार-कमीज आणि बरे बूट पुरेत. बुटांवर मात्र कंजुषी नको.

सगळं मिळून आठवड्याचे साधारण सव्वातीन तास. आठवड्यात तास असतात 168.

एक सूचना. बाळंतपण नुकतंच झालं असेल, रक्तदाब, साखर किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मी उद्योगातली प्रशिक्षक आहे, वैद्यकातली नाही.

आधी रक्त तपासा

व्यायाम सुरू केला आणि चार दिवसांत गळून गेलात, तर स्वतःला आळशी म्हणू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. निम्म्याहून जास्त! हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यातही होते. माझं साडेनऊ निघालं होतं. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, पण सवय मला बदलावी लागली. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं बंद केलं. ताट सगळ्यांबरोबर वाढून घेते. कुळीथ, पालेभाजी, मासे आपल्याकडे आहेतच. जेवणात लिंबू पिळलं की लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर उलट होतं.

दोन वर्षांनी

वजन किती उतरलं, असं सगळ्या विचारतात. चार किलो. पण माझं माप वेगळं आहे. यंदाच्या मे महिन्यात तेच रसाचं पातेलं गुडघ्यात वाकून, पोटाशी धरून उचललं. पाचही वेळा साली वेळेत वाळल्या. पाऊस आला तेव्हा आमसुलं बरणीत होती.

आणखी एक झालं. परवा मी चालायला निघाले नव्हते, पार्सलं अडकली होती. लेक दारात माझे बूट घेऊन उभी. म्हणाली, "आई, जा तू. लेबलं मी लावते."

लेबलं वाकडी लागली होती. पाठवून दिली तशीच.

या आठवड्याचं काम

वही घ्या. सात दिवस लिहा. शेवटी फक्त एकच काम निवडा जे तुमच्या हातून दुसऱ्याकडे जाईल, आणि कोणाकडे जाईल त्याचं नावही लिहा. व्यायाम त्याच्या पुढच्या सोमवारपासून. आधी काम सोपवा, मग बूट घाला. उलट केलंत तर दहा दिवसांत बूट परत कपाटात जातील, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

भेटू पुढच्या आठवड्यात.