फुलराणी पुन्हा उभी राहिली, पण भक्ती बर्वेंचा 'तो' एकपात्री का नाही?

नाशिकमध्ये महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो की एकपात्री अभिनयाची स्पर्धा, एक गोष्ट हमखास घडते. कुणीतरी मुलगी पदर खोचते, कमरेवर हात ठेवते आणि 'ती फुलराणी'तल्या मंजुळेचे स्वगत सुरू करते. परीक्षकांना ते पाठ असते, समोरच्या निम्म्या प्रेक्षकांनाही पाठ असते. तरीही शेवटी टाळ्या पडतात. हे स्वगत करणाऱ्या आजच्या बहुतेक मुलींचा जन्मच ते पहिल्यांदा गाजवणाऱ्या अभिनेत्रीच्या निधनानंतरचा आहे.

ती अभिनेत्री म्हणजे भक्ती बर्वे. फुलराणीच्याच आठवणींवर त्यांनी उतारवयाच्या उंबरठ्यावर एक एकपात्री प्रयोग उभा केला होता: 'पु. ल., फुलराणी आणि मी'. तोच प्रयोग करून परतताना १२ फेब्रुवारी २००१ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. फुलराणीची भूमिका त्यानंतरही इतर अभिनेत्रींनी केली, आजही होते. एकपात्री मात्र त्या दिवशीच संपला. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर आधी एकपात्रीचे गणित समजून घ्यावे लागते.

कोण होत्या भक्ती बर्वे?

जन्म १० सप्टेंबर १९४८चा. सुधा करमरकर यांच्या 'लिटल थिएटर'मधून, म्हणजे बालरंगभूमीवरून त्या रंगमंचावर आल्या. १९७२मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात मराठी बातम्या देणारा त्यांचा चेहरा घराघरांत ओळखीचा झाला.

नाशिकच्या रसिकांना जवळचे वाटेल असेही एक नाटक त्यांच्या नावावर आहे. नाशिकच्या हंप्राठा महाविद्यालयात मराठी शिकवणारे आणि याच शहरात राहून नाटके लिहिणारे प्रा. वसंत कानेटकर यांच्या 'अखेरचा सवाल'मध्ये त्यांनी काम केले. पुढे अशोक पाटोळे यांच्या 'आई रिटायर होतेय'मधली, घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई त्यांनी साकारली. 'गांधी विरुद्ध गांधी'मध्ये त्या कस्तुरबा झाल्या.

हिंदी प्रेक्षक त्यांना ओळखतो तो मात्र १९८३च्या 'जाने भी दो यारों'मुळे. 'खबरदार'ची धूर्त संपादक शोभा सेन म्हणजे भक्ती बर्वे. १९९०मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती. त्यांचे १९९६मध्ये निधन झाले.

फुलराणी इतकी अवघड का?

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले. १९७५मध्ये ते रंगमंचावर आले. दिग्दर्शन पुलंचेच होते. भाषेचा अभ्यासक असलेल्या प्रा. अशोक जहागीरदारांच्या भूमिकेत सतीश दुभाषी होते आणि फुले विकणारी मंजुळा साळुंके होत्या २६ वर्षांच्या भक्ती बर्वे.

गोष्ट थोडक्यात अशी: रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीला शुद्ध बोलायला शिकवून तिला उच्चभ्रू बाई म्हणून खपवून दाखवीन, असा चंग प्रोफेसर बांधतो. मुलगी शिकते. पण शिकल्यानंतर तिचे काय करायचे, याचा विचार त्याने केलेलाच नसतो.

शॉचे नाटक इंग्रजी उच्चारांवर उभे आहे. ते शब्दश: मराठीत आणून काहीच हाती लागले नसते. पुलंनी ते 'न' आणि 'ण'वर, मराठीतल्या 'शुद्ध' आणि 'अशुद्ध'च्या भांडणावर आणून ठेवले. बोलण्यावरून जात, वस्ती आणि शिक्षण ओळखणारा समाज इथेही होताच. नाटकाचे नावही बालकवींच्या 'फुलराणी' या कवितेशी जोडलेले. मंजुळेला तीच कविता शुद्ध म्हणायला शिकवली जाते.

इथेच अभिनेत्रीची खरी परीक्षा होती. भक्ती बर्वे बातम्या देत, म्हणजे त्यांचे उच्चार मुळातच स्वच्छ होते. मंजुळा व्हायचे तर ते आधी पूर्ण पुसायचे होते. नंतर प्रवेशागणिक थोडे थोडे परत आणायचे होते. एकदम नाही, पायरीपायरीने. आज कुठला उच्चार सुधारला, कुठला अजून अडतो आहे, राग आला की जुनी बोली कशी उसळून येते, हे सगळे प्रत्येक प्रयोगात त्याच क्रमाने घडावे लागते. एक पायरी चुकली तरी मंजुळेचे शिकणे खोटे वाटते.

प्रसिद्ध स्वगत याच वळणावर येते. प्रोफेसरवर चिडलेली मंजुळा एकटी असताना मनातला सूड बोलून दाखवते. त्यात विनोद आहे, अपमानाची जखम आहे आणि पोरकट स्वप्नेही आहेत. स्पर्धेत अनेकदा केवळ राग आणि ठसका ऐकू येतो. हे स्वगत अवघड आहे ते त्यातल्या जखमेमुळे.

एकपात्री म्हणजे नक्की काय?

रंगमंचावर एकच कलाकार, एवढ्याने एकपात्री प्रयोगाची व्याख्या पूर्ण होत नाही. मराठीत त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला, एकाच कलाकाराने अनेक माणसे उभी करायची. पुलंनी १९६१मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर आणली. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये ५२ व्यक्तिरेखा एकट्याने रंगवल्या.

दुसरा, एखादी ऐतिहासिक व्यक्ती होऊन तिची कहाणी सांगायची. सुषमा देशपांडे यांचा 'व्हय मी सावित्रीबाई' हा १९८९पासूनचा प्रयोग त्याचे ठळक उदाहरण.

तिसरा, कलाकाराने स्वत: म्हणूनच प्रेक्षकांसमोर यायचे आणि आपल्या भूमिकांच्या, माणसांच्या आठवणी जिवंत करायच्या. 'पु. ल., फुलराणी आणि मी' या तिसऱ्या प्रकारातला.

तिन्ही प्रकारांत एक अडचण सारखीच आहे. नेहमीच्या नाटकात एखादे वाक्य विसरले तर समोरचा नट सावरून घेतो. एकाचा आवाज बसला तर दुसरा प्रवेश उचलून धरतो. आत जाऊन घोटभर पाणी पिता येते. एकपात्रीत यातले काही नसते. समोर असतो तो फक्त प्रेक्षक आणि तोच सहकलाकार. तो कुठे हसेल, कुठे गप्प होईल, त्यावर पुढच्या वाक्याची लय ठरते. वाईचा प्रेक्षक वेगळा, मुंबईचा वेगळा, नाशिकचा वेगळा. संहिता एकच असली तरी प्रयोग दर वेळी नव्याने जमवावा लागतो.

व्यवहाराच्या बाजूने मात्र एकपात्री हलका असतो. मोठे नेपथ्य नाही, डझनभर माणसांचा प्रवासखर्च नाही. त्यामुळे मोठ्या नाटकाला न परवडणाऱ्या तालुक्याच्या गावीही तो जाऊ शकतो. निर्मात्याचा भार कमी होतो. तो सगळा कलाकाराच्या अंगावर येतो, रंगमंचावर आणि रस्त्यावरही.

त्या रात्री काय घडले?

भक्ती बर्वे यांचा प्रयोग वाईला होता. तो करून त्या मुंबईला निघाल्या. वाई ते मुंबई हे अंतर जवळपास अडीचशे किलोमीटरचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात त्यांचे निधन झाले. भाताणचा बोगदा पनवेलच्या बाजूला आहे. म्हणजे बहुतेक प्रवास संपला होता, मुंबई जवळ आली होती. त्यांचे वय होते ५२.

मराठी रंगभूमीला असा धक्का नवा नव्हता. अभिनेते अरुण सरनाईक १९८४मध्ये मोटार अपघातात गेले. पुढे डिसेंबर २०१२मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांचा याच द्रुतगती मार्गावरच्या अपघातात मृत्यू झाला.

यामागे नाटकधंद्याची रचना आहे. मराठी नाटक दौऱ्यावर जगते. आज इथे, उद्या तिथे. रात्री पडदा पडला की सामान गाडीत भरायचे आणि निघायचे, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी प्रयोग असतो, चित्रीकरण असते किंवा घरी कुणी वाट पाहत असते. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात रात्रीचा प्रयोग संपवून कलाकार अनेकदा त्याच रात्री कसारा घाट उतरतात. टाळ्या वाजवून प्रेक्षक अर्ध्या तासात घरी पोहोचलेला असतो. कलाकाराची रात्र तेव्हा कुठे सुरू होते.

भूमिका दुसरीकडे गेली, मग एकपात्री का नाही?

'ती फुलराणी' थांबले नाही. पुढच्या काळात सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी या अभिनेत्रींनी मंजुळा साकारली. प्रत्येकीची तुलना भक्ती बर्वेंशी झाली, ते अपरिहार्यच होते. पण भूमिका जिवंत राहिली ती यामुळेच. संहिता छापलेली आहे, मंजुळा कागदावर आहे. नवी अभिनेत्री तिथून सुरुवात करू शकते.

अनेक माणसे रंगवणारा एकपात्रीसुद्धा दुसऱ्याच्या हाती देता येतो. लक्ष्मण देशपांडे २००९मध्ये गेले. त्यानंतर अभिनेता संदीप पाठक यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पुन्हा रंगमंचावर आणले आणि प्रेक्षकांनी ते स्वीकारले. कारण त्यातले वऱ्हाडी ही पात्रे आहेत. ती दुसरा नट उचलू शकतो.

'पु. ल., फुलराणी आणि मी'मध्ये मात्र शेवटचा शब्दच अडसर आहे: 'मी'. पुलंच्या तालमीत उभी राहिलेली, दुभाषींसमोर पहिल्यांदा मंजुळा झालेली बाईच ते सांगू शकत होती. दुसरी कुणी तीच वाक्ये म्हणाली तर ती आठवण राहत नाही, नक्कल होते. बदली कलाकार मिळणे अशक्य असलेला हा प्रयोग होता.

आणखी एक गोष्ट त्यात होती. फुलराणी झाली तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या, एकपात्री करताना पन्नाशी ओलांडलेल्या. तरुण नटीची भूमिका वयानुसार तिच्या हातून सुटते, हा रंगभूमीचा रिवाज. पुरुष कलाकार पन्नाशीतही नायक राहतो, अभिनेत्रीला आईच्या भूमिका दिल्या जातात. भक्ती बर्वेंनी आईच्या भूमिकाही ताकदीने केल्या. पण एकपात्रीच्या रूपाने त्यांनी फुलराणीवरचा आपला हक्क परत मिळवला. वय लपवून नव्हे, वय सांगूनच. तेव्हाची मंजुळा आणि तिच्याकडे मागे वळून पाहणारी प्रौढ अभिनेत्री अशा दोघी एकाच वेळी रंगमंचावर आल्या.

मग आज काय उरले?

भक्ती बर्वेंचा अभिनय आज पाहायचा तर 'जाने भी दो यारों' आहे. फुलराणीचे त्यांचे स्वगत मोबाइलवर शोधले तर सापडते. स्पर्धेला जाणाऱ्या मुलींनी ते जरूर पाहावे. पण ठसका उचलण्यासाठी नव्हे. मंजुळा कुठे थांबते, कुठे तिचा आवाज खाली येतो आणि रागाच्या मधोमध तिला स्वत:चीच कीव कशी येते, ते पाहण्यासाठी.

रंगमंचावरचा त्यांचा एकपात्री मात्र ज्यांनी पाहिला, त्यांच्याच आठवणीत आहे. तो पाहिलेले आई-वडील, आजी-आजोबा कुणाच्या घरी असतील तर त्यांना विचारायला हवे. नाटकाचा इतिहास पुस्तकांइतकाच अशा घरगुती बोलण्यातही असतो आणि तो विचारला नाही तर हरवतो.

प्रयोगाच्या नावात तिघे होते. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले. बरोबर आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारीला, 'मी' म्हणणारीही गेली. उरली फुलराणी. ती अजून प्रत्येक स्पर्धेत, पदर खोचून, नव्या मुलीच्या तोंडून बोलते आहे.