पोलिसांपुढील कबुली : ग्राह्य किती, त्याज्य किती?

आरोपीने पोलिसांपुढे गुन्हा कबूल केल्याचे वृत्त वाचताच पुष्कळांच्या मनात निकाल लागून जातो. न्यायालय मात्र ती कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून स्वीकारीत नाही. १८७२ च्या कायद्यातील कलम २५ चा हा नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये कायम आहे. कोठडीतील माणूस स्वेच्छेने बोलतो काय, ही शंका त्याच्या मुळाशी होय.

तथापि एक दार उघडे आहे. आरोपी म्हणाला, ‘मी कोयत्याने वार केला, कोयता विहिरीत आहे’, आणि कोयता तेथे मिळाला, तर विहिरीविषयीचे वाक्य ग्राह्य, वाराचे त्याज्य. पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ही रेषा आखली. म्हणून पंच झालेल्या आपल्या बांधवांनी पंचनामा वाचल्यावाचून सही करू नये. कोयता आपल्यासमक्ष निघाला काय, हे त्यांनाच विचारले जाते.

झडतीची गोष्ट निराळी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या पूरणमल निकालानुसार बेकायदा झडतीत मिळालेली वस्तू केवळ तेवढ्या कारणाने बाद ठरत नाही. शब्दाला मिळालेले संरक्षण उंबरठ्याला नसावे, हे आम्हांस पटत नाही.