तिथी बघून गाठायचं राष्ट्रीय उद्यान

अकोल्याहून द्वारकेला थेट गाडी जाते, हे आमच्या जुन्या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. पुरी–ओखा, शालिमार–ओखा या गाड्या नागपूर, बडनेरा करत अकोल्याला येतात आणि भुसावळ, सुरत, अहमदाबाद, राजकोट, जामनगर असं करत द्वारका गाठतात. हरिहर पेठेतली, डाबकी रोडवरची कितीतरी माणसं या गाड्यांनी जाऊन आली आहेत. द्वारकाधीश, बेट द्वारका, नागेश्वर, जमलं तर सोमनाथ, आणि परत. या यात्रेत जामनगर म्हणजे चहा प्यायचं एक स्टेशन. पण त्याच जामनगरच्या किनाऱ्याला भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि ते बघायला पोहता यावं लागत नाही. समुद्र मागे सरकला की त्याच्या तळावर चक्क पायी हिंडायचं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वाघ बघायचा तर मेळघाट आणि नरनाळा आमच्या उशाशी आहेत, त्यामुळे जंगलाची सहल कशी आखायची हे वऱ्हाडातल्या माणसाला ठाऊक असतं. गेट ठरवायचं, जिप्सी ठरवायची, पहाटे निघायचं. कच्छच्या आखातातल्या या उद्यानाचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे आधी रजा काढून, तिकीट काढून मग बाकीचं बघू म्हटलं तर फुकटचा हेलपाटा होतो, कारण तारीख आपण नाही, चंद्र ठरवतो.

आधी उद्यानाविषयी थोडं. १९८० साली इथे सागरी अभयारण्य झालं आणि १९८२ मध्ये त्यातल्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जामनगरच्या किनाऱ्यालगत बेचाळीस बेटं आहेत, त्यातल्या बऱ्याच बेटांभोवती प्रवाळाची झालर आहे. आपल्या महाराष्ट्रात समुद्रातलं राष्ट्रीय उद्यान नाही. मालवणचं सागरी अभयारण्य आहे, १९८७ चं, आणि तेही सुंदर आहे. पण तिथलं प्रवाळ बघायला पाण्यात उतरावं लागतं. गुडघे दुखणारी सासू आणि पाण्याला बिचकणारी मुलगी घेऊन जायचं असेल तर कच्छचं आखातच बरं.

याचं कारण त्या आखाताच्या आकारात आहे. पश्चिमेला तोंड उघडं आणि पूर्वेकडे निमुळतं होत जाणारं. भरतीचं पाणी आत शिरलं की दोन्ही काठांमध्ये कोंडून चढत जातं. जामनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक पाच-सहा मीटरपर्यंत जातो. दुमजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा ओसरतं. ते पूर्ण ओसरलं की एरवी बुडालेला प्रवाळाचा खडक उघडा पडतो.

आता तारीख. भिंतीवरचं कालनिर्णय काढा. कोकणातली माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेसातच्या आसपास, पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे जाते. कच्छच्या आखातात पाणी आतपर्यंत पोचायला कोकणापेक्षा उशीर लागतो, म्हणून आणखी तासभर धरायचा. आपल्याला दोन गोष्टी एकदम हव्यात. ओहोटी मोठी हवी आणि ती उजेडात हवी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप मागे जातं, पण ते अंधार-उजेडाच्या सीमेवर. थंडीत तर जामनगरला सात वाजून गेले तरी सूर्य उगवलेला नसतो. अष्टमीला ओहोटी येते भर दुपारी, सोयीच्या वेळेला, पण ती भांगाची ओहोटी. पाणी हटता हटत नाही. म्हणून द्वितीया ते चतुर्थी, शुद्ध असो की वद्य, हे दिवस धरायचे. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान समुद्र आपल्याला वाट करून देतो.

हे अंदाजाचं गणित झालं. पक्की वेळ तिथल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून आणि वनखात्याला विचारूनच घ्यायची. पण कोणत्या आठवड्यात जायचं, हे अकोल्यात बसून या हिशेबानं नक्की कळतं. हा हिशेब मी नववीच्या वर्गात फळ्यावर मांडते तेव्हा मोर्णा नदीपलीकडे कधी न गेलेली पोरंही आपापल्या वाढदिवसाच्या तिथीची भरती काढून बघतात.

यात्रेकरूंसाठी यात एक छान सोय दडलेली आहे. आमच्या घरी सासूबाईंची अट एकच होती, "पयले देवाचं दर्शन, मंग तुया समुद्र." तिथीच्या हिशेबात ती अट अगदी चपखल बसते. पौर्णिमेला द्वारकाधीशाचं दर्शन घ्या, दुसऱ्या दिवशी बेट द्वारका करा, मग जामनगरच्या दिशेने परत फिरा आणि द्वितीया-तृतीयेच्या सकाळी समुद्राच्या तळावर उतरा. भाऊबीज ही द्वितीयाच, पण दिवाळीत सारा गुजरात फिरायला निघालेला असतो, खोली मिळता मिळत नाही. त्यापेक्षा दत्तजयंतीची पौर्णिमा बरी. हवा थंड आणि स्थलांतरित पक्षीही आलेले.

जायचं नराऱ्याला. हे ठिकाण वाडीनारजवळ, जामनगरपासून साधारण साठ किलोमीटरवर, द्वारकेच्या हमरस्त्यावरून आत वळून लागतं. पिरोटन बेटाचं नाव जास्त झालेलं आहे, पण तिथे होडीनं जावं लागतं आणि परवानग्या बऱ्याच काढाव्या लागतात. कुटुंबासाठी नरारा सोपं. उद्यानाचं कार्यालय जामनगरला आहे, तिथे आधी चौकशी करावी. नराऱ्याच्या प्रवेशद्वाराशी नोंद होते, शुल्क भरायचं, वाटाड्या सोबत घ्यायचा. ओळखपत्रं प्रत्येकाची हवीत. आजूबाजूला तेलाच्या वाहिन्या आणि टाक्या दिसतात, त्यांचे फोटो काढत बसू नये. तेल उतरवायचं बंदर आणि प्रवाळ इतके शेजारी-शेजारी आहेत की बघून पोटात गोळा येतो.

पायात जुने, जाड तळव्याचे, नाडीचे बूट घाला. चप्पल चिखलात राहते आणि मेलेल्या प्रवाळाची धार ब्लेडसारखी असते. टोपी, पाणी, हातात काठी, गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी सलवार. साडी नको. सासूबाईंनी मात्र नऊवारीचा काचा मारला आणि आमच्यात सगळ्यांत ऐटीत त्याच चालल्या.

सुरुवात तिवरांतून होते. चिखलातून वर आलेली तिवराची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी दिसतात. भरतीत बुडणाऱ्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळंच श्वास घ्यायला वर येतात. पान उलटून बोट फिरवलं की मिठाचे कण लागतात. झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ऊस-केळीचं नाव काढायची सोय नाही. त्या पट्ट्यात माहेर असलेल्या मला ते पान सोडवेना.

पुढे वाळू आणि खडक, मध्ये घोटाभर पाण्याची डबकी. इथे चालायचा वेग कमी करायचा. वाटाड्या एका खडकाशी थांबतो, तुम्हाला काहीच दिसत नाही, आणि मग खडकाचा एक तुकडा रंग बदलून सरपटतो. तो ऑक्टोपस. समुद्रफूल हिरव्या-जांभळ्या बोटांनी पाणी चाचपत असतं. स्पर्श झाला की मिटतं. खेकडे, समुद्रकाकडी, बारीक हातांचे तारामासे. आणि प्रवाळ. मेंदूसारख्या वळ्यांचा तो गोळा दगड वाटतो, पण तो हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत असतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हात अन्न बनवतं आणि भाडं म्हणून प्रवाळाला देतं. समुद्र प्रमाणाबाहेर तापला की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि ताप उतरला नाही तर उपाशी मरतो. असे गोळे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, कधी त्याहून कमी. टोपलीएवढा गोळा आपल्या आजीच्या वयाचा असू शकतो.

म्हणून पाऊल वाळूवर ठेवायचं, प्रवाळावर नाही. हात लावायचा नाही. शंख रिकामा दिसला तरी उचलायचा नाही, त्यात खेकड्याचं घर असू शकतं. खडक बांधणारं प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे वाघाचं नाव आहे. या आखातातून एके काळी प्रवाळाची वाळू सिमेंटसाठी उपसली गेली. जे उरलं आहे ते फार थोडं. एक कळकळीची विनंती. फुगा मासा हातात घेऊन फुगवून दाखवा, असा हट्ट पर्यटकच धरतात. तो मासा जीव वाचवायला फुगतो आणि त्यात थकून जातो. वाटाड्याला आधीच सांगा, आम्हाला तो पाण्यातच बघायचा आहे. त्यालाही बरं वाटतं.

वाटाड्या परत फिरा म्हणाला की फिरायचं, फोटोसाठी थांबायचं नाही. पाणी समोरून लाटा घेऊन येत नाही, ते मागच्या सखल घळींतून गुपचूप भरतं आणि वाट कापतं.

हातात आणखी एक सकाळ असेल तर जामनगरजवळचं खिजडिया पक्षी अभयारण्य चुकवू नका. मधल्या बंधाऱ्यामुळे एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं, त्यामुळे दोन्हीकडचे पक्षी एकाच ठिकाणी. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत ते गेल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं.

राहता राहिलं तिकीट. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि या गाड्या रोज नाहीत, आठवड्यातल्या ठरावीक वारीच. म्हणून आधी पौर्णिमा ठरवा, मग तिच्या आधी द्वारकेला पोचवणारी गाडी बघा, आणि परतीचं आरक्षण द्वारकेहून न करता जामनगरहून करा. नराऱ्याहून पुन्हा मागे जायचा फेरा वाचतो.