चितोडगडावर भेटलेला दुसरा गाईड

पेट किंवा नेटची तयारी करताना ‘प्राथमिक साधनं आणि दुय्यम साधनं’ यांच्या व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. मीही केल्या होत्या, पेपरात मार्कही मिळाले. पण त्या व्याख्यांचा खरा उपयोग मला कळला तो राजस्थानातल्या चितोडगडावर. म्हणून आजची पोस्ट एका किल्ल्यावर. विज्ञानवाल्यांनीही वाचा, कारण मुद्दा आपलाच आहे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. सपाट मैदानातून साधारण 180 मीटर उठलेली लांबट टेकडी, आणि तिच्या माथ्यावर जवळपास 700 एकरांचा किल्ला. वर जाणारा रस्ता वळणं घेत सात दरवाज्यांतून जातो. पहिला पाडन पोल, शेवटचा राम पोल. 2013 साली युनेस्कोने राजस्थानातल्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यातला हा एक. वर पोहोचलं की राणा कुंभाचा महाल लागतो. दगडी भिंती, कमानी, सज्जे अजून उभे आहेत, पण छपरं बहुतेक गेली आहेत.

आता तुम्हाला एक प्रश्न. हा महाल कशामुळे पडला?

माझ्या मनात उत्तर तयारच होतं : अकबराने पाडला. 1567 च्या ऑक्टोबरात त्याने वेढा घातला, फेब्रुवारी 1568 मध्ये किल्ला पडला, मोठी कत्तल झाली. हे सगळं खरंच आहे. पण नीट बघा, इथे मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत होतो. ‘महालाला छप्पर नाही’ हे निरीक्षण, आणि ‘ते अकबराने पाडलं’ हे स्पष्टीकरण. मधली पायरी मी तपासलीच नव्हती.

मधल्या पायरीत काय काय येतं? चितोडने 1303 (अलाउद्दीन खिलजी), 1535 (गुजरातचा बहादूरशाह) आणि 1568 असे तीन मोठे पराभव पाहिले. मेवाडची राजधानी उदयपूरला गेली. 1615 मध्ये जहांगीर आणि राणा अमरसिंह यांच्यात तह झाला. चितोड मेवाडला परत मिळालं, पण अट अशी की किल्ल्याची डागडुजी करायची नाही. पुढे डागडुजी सुरू झाली, तेव्हा 1654 मध्ये शाहजहानने फौज पाठवून दुरुस्त केलेली तटबंदी पाडायला लावली. म्हणजे तोफांइतकाच विचार न झालेल्या दुरुस्तीचाही करायला हवा. ज्या घरात कोणी राहत नाही त्याचं छप्पर आधी जातं, हे गावाकडचं कोणीही सांगेल. यातल्या कोणत्या कारणाचा वाटा किती, हे नुसत्या भिंतीकडे बघून ठरत नाही. प्रत्येक पडझडीचा काळ वेगळा तपासावा लागतो.

पुढे पद्मिनीचा महाल लागतो, तळ्याकाठी. ‘याच आरशात खिलजीने राणीचं प्रतिबिंब पाहिलं,’ ही कथा तुम्हाला इथे ऐकायला मिळेलच. मी ऐकली, आणि मला आवडलीही. पण तारखा मांडून पाहा. वेढा 1303 चा. त्या मोहिमेत अमीर खुसरो हजर होता आणि त्याने तिचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात पद्मिनीची ही गोष्ट येत नाही. ती आपल्याला सविस्तर मिळते मलिक मुहम्मद जायसीच्या ‘पद्मावत’ या काव्यात, आणि त्याचा काळ 1540. मधे 237 वर्षं. शिवाय आज दिसणारी महालाची इमारत एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधलेली आहे.

इथे घाई करू नका. ‘नोंद नाही, म्हणजे पद्मिनी नव्हतीच’ असं म्हणणं ही दुसऱ्या टोकाची चूक. खुसरो सुलतानाच्या दरबारचा लेखक होता, त्यानेही निवडूनच लिहिलं असणार. पुराव्यावरून म्हणता येतं ते एवढंच : ही कथा सांगणारं समकालीन साधन आपल्या हातात नाही, आणि ही इमारत त्या घटनेची साक्षीदार असू शकत नाही. लोकांच्या मनात त्या कथेला जे स्थान आहे, तो वेगळा आणि तितकाच खरा विषय.

हे सगळं मला एवढं का लागलं, ते सांगतो. त्याच वर्षी माझ्या प्रगती अहवालात मी एका रिव्ह्यू पेपरमधून एक आकडा उचलला होता. समितीने विचारलं, ‘हा कोणी मोजला?’ मी संदर्भ मागे मागे शोधत गेलो. रिव्ह्यूमधून एका पेपरवर, तिथून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. तिसऱ्यात तो आकडा कोणी मोजलेलाच नव्हता, सोयीसाठी गृहीत धरलेला होता! पुढच्या प्रत्येकाने मात्र तो मोजल्यासारखा वापरला. माझी पाच महिन्यांची आकडेमोड पुन्हा करावी लागली. चितोडला गेलो तो त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत, आणि आरशासमोर उभं राहिल्यावर तो आकडाच आठवला.

म्हणून कोणतंही विधान वहीत उतरवताना बाजूला तीन गोष्टी लिहा : हे कोणी पाहिलं किंवा मोजलं? घटनेनंतर किती काळाने लिहिलं? आणि मी जे बघतोय ते मूळ आहे की नंतर बांधलेलं? सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा निदान पहिल्या दहा संदर्भांना हे विचारून पाहा. वेळ जाईल, पण पाच महिन्यांपेक्षा कमीच.

आपल्याकडे पीएचडीच्या मार्गदर्शकालाही गाईड म्हणतात आणि किल्ला दाखवणाऱ्यालाही. पहिले मला ‘मूळ पेपर वाच’ असं दोन वर्षं सांगत होते. पटलं ते मात्र दुसऱ्याची गोष्ट ऐकताना.