आवारातील दूरध्वनी

केळापूर तालुक्याचे मुख्यालय असलेल्या पांढरकवड्यासारख्या गावी एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात कचेरी, ग्रंथालय आणि वसतिगृह यांना जोडणारा जो दूरध्वनी असतो, त्याचा सारा कारभार ईपीएबीएक्स नावाच्या लहानशा यंत्राकडे असल्यामुळे आतल्या आत बोलण्यास आखूड एक्स्टेन्शन नंबर पुरतो. बाहेर बोलावयाचे झाल्यास मात्र बहुधा 0 किंवा 9 दाबून आधी बाहेरची लाइन घ्यावी लागते. येथेच पुष्कळांची गफलत होते. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना क्रमांकापूर्वी 0 लावणे सक्तीचे असल्याने, जेथे बाहेरच्या लाइनीचा अंकही 0च आहे तेथे तो दोनदा दाबावा लागतो, आणि एकदाच दाबणारा इसम यंत्र बिघडल्याची तक्रार गुदरतो.

रिसीव्हर उचलताच तुटक डायल टोन ऐकू आल्यास व्हॉइसमेलमध्ये न ऐकलेला निरोप आहे असे बहुधा समजावे. ऐकलेले निरोप वेळीच पुसावेत. पेटी भरली की नवे स्वीकारले जात नाहीत.

टोन मुळीच नसेल, तर शेजारच्या खोलीतील त्याच जातीचा चालू फोन आणून आपल्या सॉकेटला जोडून पाहावा: तो चालला तर दोष आपल्या फोनमध्ये वा त्याच्या वायरीत, मुका राहिला तर सॉकेटात अथवा पुढच्या लाइनीत. उन्हाळ्यात भेगाळणारी व पावसाळ्यात फुगणारी आपली काळी जमीन पुरलेल्या केबलीस ताण देते, सांध्यात ओल शिरते आणि खरखर सुरू होते. म्हणून मृगापूर्वीच सांधे व अर्थिंग जाणकाराकडून तपासून घेण्याचा बंदोबस्त प्रत्येक संस्थेने अगत्याने करावा.